सह्याद्रीतल्या वनस्पतींना नावं देणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

सर, मॅडम, नमस्कार.

हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या ऑफिसात आणि आघारकर संस्थेत, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, काम करणाऱ्यांना, आणि तालुक्याच्या कॉलेजात दिवसभर लेक्चर घेऊन सुट्टीच्या दिवशी घाट पालथे घालणाऱ्यांना सुद्धा. मी बॉटनीचा माणूस नाही, पावसाळ्यात डोंगरात फुलं बघत फिरणारा आहे आणि घरी आल्यावर त्या फुलांबद्दल मिळेल ते वाचणारा. तुमचे पेपर जमतील तसे वाचतो, पाकळीच्या मिलिमीटरमधल्या मापांचं मला फार कळत नाही, पण नव्या प्रजातीच्या पेपरात एक छोटा परिच्छेद असतो, हे नाव का दिलं ते सांगणारा, तो मी सगळ्यात आधी वाचतो. आज त्या परिच्छेदाबद्दलच बोलायचंय, आणि ते बोलायचं तर निकोल डॅलझेलपासून सुरुवात करावी लागेल.

तुम्हाला डॅलझेल माहीतच आहे, रोज त्याचं नाव लिहिता तुम्ही. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. हा स्कॉटिश माणूस, जन्म १८१७चा, एडिंबरात शिकलेला, १८४१ मध्ये मुंबईला आला तो कस्टम्स खात्याचा असिस्टंट कमिशनर म्हणून. म्हणजे पगार जकातीचा आणि जीव झाडांत. पुढे सिंधमध्ये जंगलखात्यात गेला, आणि नंतर अलेक्झांडर गिब्सनच्या जागी मुंबई इलाख्याचा जंगलांचा कॉन्झर्वेटर झाला. १८६१ मध्ये या दोघांनी मिळून 'द बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक भायखळ्याच्या छापखान्यातून काढलं. १८७० ला तब्येतीमुळे निवृत्त होऊन परत गेला आणि एडिंबरातच वारला. जंगल तोडलं की पावसापाण्यावर काय परिणाम होतो यावर सुद्धा त्याने १८६३ च्या सुमारास लिहून ठेवलंय. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी त्याच्या विरुद्ध बोलतोय, तसं अजिबात नाही.

त्याचा वारसा किती पसरलाय बघा. रत्नागिरीच्या कातळसड्यावर पहिल्या पावसानंतर जी पांढरी दीपकाडी उगवते तिचं शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकानेन्स, त्यातलं कोंकानेन्स त्याने दिलेलं. कासला आणि इतर पठारांवर पांढऱ्या छत्र्यांसारखा फुलतो तो पिंडा, पिंडा कोंकानेन्सिस, त्यातलं कोंकानेन्सिस पण त्याचंच. सड्यावरचा पिवळा कवला, स्मिथिया हिरसुटा, नाव त्याचं. बार्लेरिया गिब्सनी हे त्याने आपल्या जोडीदाराच्या, गिब्सनच्या नावाने केलं. आणि घाटात ओल्या उतारावर जो पिवळा तेरडा दिसतो तो इंपेशन्स डॅलझेली, ते नाव हूकर आणि थॉमसन यांनी डॅलझेलच्या सन्मानात दिलं. म्हणजे हा माणूस नावाच्या आतही आहे आणि नावाच्या शेपटीलाही आहे. ही शेपटी काय असते ते सांगतो, शास्त्रीय नावाच्या पुढे ते नाव पहिल्यांदा कुणी छापलं त्याचं आडनाव लिहितात, आणि ती वनस्पती नंतर कुणी दुसऱ्या वंशात हलवली (वंश म्हणजे नावाचा पहिला शब्द) तर पहिल्याचं आडनाव कंसात जातं आणि हलवणाऱ्याचं बाहेर येतं. दीपकाडीच्या नावापुढे म्हणूनच डॅलझेल कंसात आणि बेकर बाहेर. दीडशे वर्षं उलटून गेली तरी तो कंस कुणी पुसू शकत नाही, नियमच आहे तसा.

आता शिंदळ माकुडी घ्या. माझ्या मते डॅलझेलचं सगळ्यात प्रसिद्ध झाड हेच. कड्याच्या कपारीत लोंबणारी, गुबगुबीत खोडाची, तिच्या नात्यातल्या इतर माकुड्यांना पानं जवळपास नसतातच पण हिला पावसात चांगली जाड रसरशीत पानं येतात, आणि फूल म्हणजे गडद तपकिरी-लाल चांदणी, मध्ये पिवळी नक्षी. जुन्नरच्या डोंगरांतून ती डॅलझेलच्या हाती आली, शिवनेरीवर आहे, सज्जनगडावर आहे, वज्रगडावर आहे. १८६४-६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या जर्नलात त्याने तिच्यासाठी नवा वंशच काढला आणि तो वंश दिला सर बार्टल फ्रेअर यांना, फ्रेरिया इंडिका. फ्रेअर त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता. सरकारी नोकराने गव्हर्नरच्या नावाने झाडाचं नाव ठेवणं त्या काळात रीतीला धरूनच होतं, त्यात मला नवल वाटत नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. १९५८ मध्ये राउली यांनी ठरवलं की हा वेगळा वंश नाही, ही कॅरालुमाच आहे. मग तिला कॅरालुमा इंडिका म्हणायला हवं होतं, पण ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं होतं आणि एकाच वंशात तेच नाव दोघांना चालत नाही, म्हणून ती झाली कॅरालुमा फ्रेरेई. त्यानंतर बूसेरोशिया फ्रेरेई. म्हणजे एवढ्या हलवाहलवीत भारताचं नाव गळून पडलं आणि गव्हर्नरचं तेवढं टिकलं. यात कुणाचा दोष नाही, नियमांनी आपलं काम केलं. पण जुन्नरच्या डोंगरात ज्याने कुणी डॅलझेलला ती कपार दाखवली असेल, किंवा गिब्सनसाठी ज्या माळ्यांनी, हमालांनी, गुराख्यांनी झाडं आणून दिली असतील, ते त्या नावाच्या प्रवासात सुरुवातीपासूनच कुठे नाहीत. कंसात नाहीत आणि कंसाबाहेरही नाहीत. साहेब एकटा कड्यावर चढला नसणार हे डोंगरात फिरलेल्या कुणालाही कळतं.

हे फक्त डॅलझेलचं नाही. त्याच्या आधी जॉन ग्रॅहम होता, मुंबईच्या पोस्टखात्यातला वरचा अधिकारी, त्याने १८३९ मध्ये मुंबई आणि आसपासच्या झाडांचा कॅटलॉग केला आणि तो छापून पूर्ण व्हायच्या आत खंडाळ्याला वारला, वय जेमतेम चौतीस. जोसेफ निम्मोने ते काम पुरं केलं. सीतेची आसवं या जांभळ्या फुलांचं युट्रिक्युलारिया परपरासेन्स हे नाव ग्रॅहमचं, रानहळदीचं शास्त्रीय नाव त्याचं, आणि आपल्या जंगली भेंडीला त्याने निम्मोचं नाव दिलं, एरिनोकार्पस निम्मोनी. पांढऱ्या सापकांद्याला मरे साहेबाचं नाव दिलं, एरिसेमा मरेई. कोकणातल्या माणगा बांबूच्या नावात डॉक्टर स्टॉक्स आहे. हरिश्चंद्रगडावरच्या एका कंदीलपुष्पाच्या नावात सिव्हिल सर्व्हिसमधला लॉ आहे. सह्याद्रीचा एक पावसाळा नीट फिरलात तर कंपनी सरकारच्या ऑफिसातले निम्मे लोक भेटतात असं म्हटलं तरी चालेल.

आणि नुसतं सह्याद्रीचं कशाला, महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण, लॅगरस्ट्रोमिया, हे नाव स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक मॅग्नस लॅगरस्ट्रोम याचं, वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसला नमुने मिळवून देणारा मित्र. पळसाच्या ब्यूटियात स्कॉटलंडचा अर्ल ऑफ ब्यूट आहे. कोकमाच्या गार्सिनियात लॉरें गार्सिन आहे, अनेकांना वाटतं तसा गोव्यात राहून १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवर पुस्तक छापणारा गार्सिया द ओर्ता नाही. हे एवढ्यासाठी सांगतोय की नाव एकदा छापलं गेलं की त्याच्यामागची गोष्ट लोकांना आपोआप कळत नाही, कुणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते, नाहीतर चुकीची गोष्ट त्या जागी येऊन बसते.

नरक्याची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. या झाडाला घाटातले लोक नरक्या म्हणतात कारण त्याला घाण वास येतो, आणि रॉबर्ट वाईट या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं त्यातही तोच वास होता, फिटिडस. पुढे कित्येक वर्षं ते मॅपिया फिटिडा म्हणून चाललं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की यात कॅम्पटोथेसिन आहे, कॅन्सरच्या औषधांचा मूळ पदार्थ, जो त्याआधी १९६६ मध्ये चीनच्या एका झाडात सापडला होता. मग काय, नरक्याची घाटातून तोड सुरू झाली, चोरून ट्रक भरून लाकूड गेलं. आणि नावाचं असं झालं की मॅबर्ली यांनी लक्षात आणून दिलं, ग्रॅहमने १८३९ मध्येच याला निम्मोचं नाव देऊन ठेवलंय, आणि जे आधी छापलं ते खरं हा नियम १७५३ पासूनच्या सगळ्या नावांना लागू आहे. म्हणून आता ते नॉथापोडायटिस निम्मोनियाना. घाटातल्या माणसाला आणि रॉबर्ट वाईटला एकच वास आला होता, ती ओळख नावातून गेली आणि निम्मो आला. शास्त्राच्या शिस्तीसाठी हे बरोबरच आहे, मी तक्रार करत नाही. पण बघा, १८३९ मध्ये एका पोस्टखात्याच्या माणसाने जे लिहिलं ते आज औषध कंपनीच्या कागदावर, वनखात्याच्या जप्तीच्या पंचनाम्यात, कोर्टात चालतंय. एवढी ताकद त्या एका परिच्छेदात असते, जो तुम्ही आज लिहिताय.

उलटं झालेली उदाहरणं पण आहेत. कारवीवरून ब्रेमेकॅम्प यांनी १९४४ मध्ये कार्विया असा वंश काढला, म्हणजे आपला शब्द थेट वंशाच्या जागी. पण पुढे तो वंश टिकला नाही, कारवी परत स्ट्रोबिलँथिस झाली. सुरंगीचं नशीब बरं, तिच्या मॅमिया सुरिगा या नावात आपला शब्द अजून आहे. पिंडाचा वंशही आपल्याच बोलीतल्या नावावरून. गावांची नावं तर भरपूर आहेत, कात्रजची युफोर्बिया कात्रजेन्सिस, खंडाळ्याची युफोर्बिया खंडाळेन्सिस, आणि सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिविलियानममध्ये चक्क बोरिवली, ते नाव फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी दिलं. बाजारात मुसळीची पावडर विकणाऱ्यांना तरी ठाऊक असेल का की या नावात मुंबईचं उपनगर आहे. मला गावांची नावं मनापासून आवडतात, कारण ते झाड कुठलं आहे ते कायमचं लिहिलं जातं.

माणसांच्या बाबतीत मात्र जुन्या नावांत आपलं माणूस शोधायला फार खाली वाकावं लागतं. सोनघंटा आठवा, ॲब्युटिलॉन रानडेई, सह्याद्रीतलं अतिशय दुर्मिळ झुडूप, घंटेसारखी लोंबती फुलं. १८९४ मध्ये वुड्रो आणि ओट्टो स्टाफ यांनी नाव दिलं, वुड्रो तेव्हा पुण्याच्या गणेशखिंड बागेचं काम बघायचे आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या रानड्यांनी ती आंबा घाटातून आणली होती. वुड्रोंनी ते लक्षात ठेवलं आणि झाड रानड्यांना दिलं. भिडेंचं नाव पण गवतात आहे, भिडिया, पुण्याच्या शेती कॉलेजातले गवतांचे अभ्यासक. पण रानडे काय, भिडे काय, पगारी, शिकलेले, साहेबाच्या ऑफिसात बसणारे. त्यांच्याही खालच्या पायरीवर जो होता त्याचं काय? दापोडीच्या सरकारी बागेत गिब्सनने १८४७ ते १८५० च्या काळात झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली होती, ती आजही एडिंबरात जपलेली आहेत, आणि ज्या चित्रकाराने ती काढली त्याचं नाव कुणालाही माहीत नाही. रोज समोर बसून काम करणारा माणूस, आणि नाव नाही. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

कुणी म्हणेल त्या काळात तशी पद्धतच नव्हती. मग त्याच्या आधीच्या काळाकडे बघू. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला 'होर्तुस मलाबारिकुस'चा पहिला खंड निघाला, पुढे १६९३ पर्यंत बारा खंड झाले, सातशेहून जास्त झाडं. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने ते करवून घेतलं, तो काही साधुसंत नव्हता, सत्ता गाजवायला आलेला माणूस. पण त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचं त्याच्याच लिपीतलं निवेदन छापलंय, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं निवेदन नागरी अक्षरांत छापलंय, की आम्ही इतका काळ झाडं ओळखायला मदत केली. झाडांची नावं मल्याळम आणि कोंकणीत दिली आहेत. लिनिअसने पुढे याच पुस्तकावरून कितीतरी भारतीय झाडं घेतली. पुढे ब्लूमने अच्युतनच्या नावावरून अचुडेमिया असा वंशसुद्धा केला. म्हणजे १६७८ मध्ये जमत होतं. डॅलझेलच्या काळात, दोनशे वर्षांनी, जमलं नाही. का जमलं नाही याचं माझं उत्तर असं की तोपर्यंत झाड ओळखणं हे कागदावरचं काम झालं होतं, लंडनच्या क्यू इथल्या बागेत वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या टेबलावर पोचेल ते खरं, आणि डोंगरातलं ज्ञान नुसता कच्चा माल. तरी ग्रॅहम आणि डॅलझेल-गिब्सन यांच्या पुस्तकांत देशी नावं जागोजागी आहेत, ती कुणाच्या तरी तोंडून ऐकूनच लिहिली ना. नाव घेतलं, सांगणारा राहिला.

इथे मला तुमच्याबद्दल बोलायचंय. कारण आता नावं देणारे तुम्ही आहात. साहेब गेले, लंडनला नमुना पाठवायची गरज नाही, टाईप स्पेसिमेन, म्हणजे नाव ज्याच्यावर बेतलं तो मूळ नमुना, पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत राहतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कंदीलपुष्पांचंच बघा ना, हेमाद्री आणि अन्सारींनी जुन्नरच्या बाजूची सेरोपेजिया महाबळेई प्राध्यापक महाबळे यांना दिली, सेरोपेजिया सांतापावी फादर सांतापाव यांना मिळाली जे स्पेनमधून येऊन इथलेच झाले, अंजनेरीची अंजनेरिका झाली, आणि अलीकडे विशाळगडावरच्या नव्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव मिळालं तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी लोकांना आनंद झाला. साताऱ्याच्या वायतुऱ्याला सातारेन्सिस हे नाव पण आपल्याच लोकांनी दिलंय. हे सगळं मला अभिमानाचं वाटतं आणि ते खरंच कष्टाचं काम आहे, जळवा, धुकं, घसरडे कडे, फूल दोन दिवस उशिरा पोचलात तर एक वर्ष वाट बघा.

पण तुमच्या पेपरातला तो नावाचा परिच्छेद वाचतो तेव्हा मला बहुतेक वेळा तीनच गोष्टी दिसतात, गुरुजी, गाव किंवा झाडाचा एखादा गुण. आणि आभारांत असतं, विद्यापीठाचे आभार, निधी देणाऱ्यांचे आभार, वनखात्याचे परवानगीबद्दल आभार, आणि शेवटी 'स्थानिक लोकांचे सहकार्याबद्दल आभार'. स्थानिक लोक म्हणजे कोण? त्यांना नाव आहे ना. ज्याच्या मागे चालत तुम्ही त्या कड्यापर्यंत गेलात, ज्या बाईने सांगितलं की हा कंद आम्ही श्रावणात खातो आणि हा दुसरा खात नाही, तिने तो फरक आधी ओळखलेला असतो, तुम्ही मग पुंकेसर मोजून तो सिद्ध करता. दोन्ही कामं वेगळी आहेत, दुसऱ्या कामाला शिक्षण लागतं आणि श्रेय तुमचंच आहे, पण पहिलं काम झालंच नाही असं पेपर वाचून वाटतं. डॅलझेलला तरी आपण म्हणू शकतो की तो परका होता, भाषा येत नव्हती, साहेबी होती. तुम्ही त्याच बोलीत बोलता, त्याच घरी चहा पिता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नव्या वनस्पतीचा पहिला पेपर, ज्यात तिचं नाव जन्माला येतं, त्यात झाड दाखवणाऱ्या, सांगणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव लिहा, त्याची किंवा तिची परवानगी घेऊन. आणि तिथल्या बोलीत त्या झाडाला काही म्हणतात का ते लिहा, काहीच म्हणत नसतील तर विचारलं होतं आणि नाव नाही असंही लिहा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेला हे लागत नाही मला माहीत आहे, तिला लागतं वर्णन, टाईप, टाईप कुठे ठेवलाय ते, आणि योग्य ठिकाणी छापणं. पण संहिता याला मनाईही करत नाही. हा पेपर यासाठी महत्त्वाचा की बाकी सगळं पुढे बदलू शकतं, वंश बदलेल, चित्र नव्याने निघेल, पण कुणीही पन्नास वर्षांनी, दोनशे वर्षांनी त्या झाडाचं नाव तपासायला निघाला तर त्याला तुमच्या त्याच पानावर यावं लागतं, दुसरा रस्ता नाही. जसे आज आपण १८६१ च्या पानांवर जातो तसे.

मला माहीत आहे यातल्या अडचणी. कंदीलपुष्पाची नेमकी जागा छापली की कंद उकरून नेणारे येतात, फोटोवाल्यांची झुंबड येते आणि झाड पायाखाली जातं. तेव्हा नेमकी जागा छापू नका, तालुका पुरे, माणसाच्या गावाचं नाव दिल्याने जागा उघडी पडत असेल तर ते पण गाळा, पण माणसाचं नाव ठेवा. कुणाला नाव नको असेल, वनखात्याची भीती वाटत असेल, तर त्याचा मान ठेवा. आणि जर ती वनस्पती औषधी असेल तर लोकांनी सांगितलेला उपयोग जपून लिहा, नरक्याचं काय झालं ते आपण बघितलंय. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्याखाली गावोगाव समित्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, त्या नोंदवहीत तुमच्या पेपराची एक मराठीतली प्रत आणि त्या झाडाचं नवीन शास्त्रीय नाव पोचवणं एवढं तर नक्की करता येईल. ज्या गावच्या माळावरून झाड जगाच्या यादीत गेलं त्या गावाला ते कळायला नको का.

आणि कधीतरी, प्रत्येक वेळी नाही, पण कधीतरी ते नावच त्या माणसाला द्या. लॅटिनमध्ये बाईच्या नावाने द्यायचं तर शेवट वेगळा असतो, आणि अनेक बायकांच्या मिळून नावाने द्यायचं तर त्यालाही शेवट आहे, -आरम. म्हणजे एका पाड्यावरच्या रानभाज्या ओळखणाऱ्या सगळ्या बायकांना मिळून एक झाड देता येईल, व्याकरण तयार आहे, नियमात बसतंय, फक्त कुणी केलेलं मी वाचलेलं नाही. बाजारात पावसाळ्यात कवळा, टाकळा, कुर्डू घेऊन बसणाऱ्या बायका आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या फील्ड बॉटनिस्ट आहेत असं मी मानतो, कोवळ्या पानावरून त्या झाड ओळखतात, ज्यासाठी आपण फुलाची वाट बघतो.

एक गोष्ट अजून, कारण हल्ली याची चर्चा सुरू आहे. काहीजण म्हणतात की ही साहेबांची नावं काढूनच टाका. फ्रेअर पुढे दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला आणि १८७९ च्या झुलू युद्धाला त्याचं धोरण कारण ठरलं, हा इतिहास आहे, मग त्याचं नाव आमच्या शिवनेरीच्या झाडाला का असा प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं सुद्धा की आफ्रिकेतल्या लोकांना शिवी ठरणारी 'काफ्रा' असलेली दोनशेहून जास्त नावं 'आफ्रा' अशी बदलायची, आणि २०२६ पासून नव्या येणाऱ्या नावांत कुणा समूहाचा अपमान होत असेल तर ते नाकारायची सोय असेल. शिवी काढली ते योग्यच झालं. पण फ्रेअर, डॅलझेल, निम्मो, लॉ यांची नावं काढावीत असं मला वाटत नाही. एक तर नाव बदललं की जुने सगळे कागद, हर्बेरियमच्या शीट, औषधांचे संदर्भ यांचा धागा तुटतो आणि नरक्यासारख्या झाडाला तर आधीच नावांचा गोंधळ पुरेसा झालाय. दुसरं म्हणजे डॅलझेलचं नाव खोडलं तर जुन्नरच्या त्या अनाम माणसाचं नाव आपल्याला मिळणार आहे का, नाही मिळणार, उलट त्या दोघांची भेट झाली होती याचा शेवटचा पुरावाही जाईल. जुन्या नावांजवळ त्यांची पूर्ण गोष्ट लिहूया, बागेतल्या पाटीवर, पठारावरच्या फलकावर, विद्यार्थ्यांच्या जर्नलात, की हे नाव कुणाचं, ते कुणी दिलं, आणि इथले लोक याला काय म्हणतात. पाटीवर तीन ओळी जास्त लागतील.

तुमच्यातले जे गाईड आहेत, पीएचडीच्या मुलांना शिकवतात, त्यांना वेगळी विनंती. मुलांना पहिल्याच फील्डला वहीत एक रकाना आखायला सांगा, 'कुणी सांगितलं'. गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर हर्बेरियमच्या लेबलवर असतोच, त्याच्याच खाली ही एक ओळ येऊ द्या, दाखवणारा अमुक. लेबल छापायला नवीन पैसे लागत नाहीत. आणि शीट शंभर-दीडशे वर्षं टिकते हे तुम्हीच आम्हाला सांगता, ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात, जुन्या शीट अजून वाचता येतात. पेपरला शब्दमर्यादा असते, संपादक परदेशी असतात, तो परिच्छेद कापतात हे पण मी ऐकलंय, पण लेबलवर कुणाची कात्री चालत नाही.

यंदाचा पाऊस संपेपर्यंत तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती नवीन झाड आलेलं असेल, एखादं गेंद, एखादं गवत, एखादी कंदीलपुष्पाची वेल, आणि आता कॉम्प्युटरवर वर्णन टाईप करणं चालू असेल. ते पाठवायच्या आधी ज्याच्यासोबत गेला होता त्याला एक फोन करा, त्याचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते विचारून घ्या, आडनावासकट.

आपला,
सह्याद्रीत फिरणारा एक वाचक